शिंगं, नाक आणि जांभळाचं पान

लोणावळा, २०२५ : रोजनिशीतील पाने

२३ मार्च, रविवार

टायगर पॉइंटला आज पाय ठेवायला जागा नव्हती. कठड्याशी एक नवं जोडपं सगळ्या गोतावळ्यासकट फोटो काढून घेत होतं. मुलीच्या धाकट्या भावानं मागून येऊन दाजींच्या डोक्यावर दोन बोटं उभी धरली. फोटो निघाला, सगळे हसले, दाजीही हसले. आमच्याकडच्या सहलींच्या फोटोंत ही दोन बोटं हमखास असतात. त्यांचं मूळ त्या पोराला कुणी सांगितलं असतं, तर त्यानं निदान दाजींवर तरी ती धरली नसती.

युरोपात ही शिंगं फसवल्या गेलेल्या नवऱ्याची. बायको दुसऱ्याकडे जाते आणि ह्याला पत्ता नाही, म्हणजे ह्याच्या कपाळाला शिंगं फुटली. दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस या ग्रीक लेखकानं स्वप्नांच्या अर्थांवर ग्रंथ लिहिला, त्यात हे बोलणं आलेलं आहे. ११८३ ते ११८५ या काळात कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर असलेला सम्राट अँड्रोनिकस कोम्नेनस शिकारीत मारलेल्या हरणांची शिंगं भर चौकात टांगत असे. दाखवायला शिकारीचा पराक्रम, खरा रोख शहरातल्या नवऱ्यांवर. निकेटस कोनिआटेस या इतिहासकारानं हे लिहून ठेवलं आहे. नेपल्सच्या आंद्रेआ दे योरिओ या धर्मगुरूनं १८३२ साली तिथल्या हातवाऱ्यांवर पुस्तक काढलं. त्यात तर्जनी आणि करंगळी ताठ, बाकीची बोटं मिटलेली, अशी ही खूण दोन्ही कामांना सांगितली आहे: दृष्ट टाळायला आणि नवऱ्याला हिणवायला.

शिंगंच का, याच्या दोन-तीन उपपत्ती आहेत. त्यातली एक कोंबड्याची. खच्ची केलेला कोंबडा कळपात ओळखू यावा म्हणून त्याच्या पायाची नखी कापून तुऱ्यात रोवत. ती तिथे रुजून वाढायची आणि शिंगासारखी दिसायची. दुसरी हरणाची: झुंजीत हरलेल्या नराचा सगळा कळप जिंकणारा घेऊन जातो.

उपपत्ती कुठलीही धरा, शिंगं ज्याच्या डोक्यावर त्यानं काहीच केलेलं नसतं. ज्यानं दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं, त्याचं डोकं मोकळं राहतं. हे मनात धरून आपल्या मुलखातल्या खुणा एकदा नीट बघायच्या आहेत.

२६ मार्च, बुधवार

उजाडायच्या आधीपासून तुंगार्लीच्या बाजूनं कोकीळ सुरू. इंग्लंडात कुकू ओरडला की लग्न झालेल्या पुरुषानं दचकावं, ही थट्टा शेक्सपिअरच्या नाटकातही आहे. कारण कुकूची मादी आपली अंडी परक्या घरट्यात घालते आणि ते घरटं सांभाळणाऱ्याला काही कळत नाही.

आमची कोकिळाही तेच करते. पावसाच्या तोंडाशी कावळे घरटी बांधतात आणि ती त्यांत अंडी घालते. पण कावळ्याकडे बोट दाखवून आपण कुणा नवऱ्याला टोमणा मारत नाही. कोकीळ आपल्याला वसंताचा, प्रेमाचा, विरहाचा. निसर्गातली तीच गोष्ट एका मुलखात लाज ठरली आणि दुसऱ्या मुलखात काव्य. लाज कुणाच्या पदरात टाकायची हे माणसं ठरवतात.

२ एप्रिल, बुधवार. बेडसे

कामशेतहून आत गेलं की बेडसे. पायऱ्या चढून कातळाच्या अरुंद बोळातून ओसरीत यावं आणि मान वर करावी. खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती आणि बैल बसलेले, त्यांच्यावर स्त्री-पुरुषांच्या जोड्या. नाशिकच्या आनंद श्रेष्ठींचा मुलगा पुष्पणक यानं दान दिल्याचा लेख इथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंच्या प्रार्थनाघराच्या दारात कुणाला जोडपी कोरावीशी वाटली आणि त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही.

बैलाची शिंगं इथे सरळ कपाळावरून निघालेली, डौलदार. मावळात शिंगाला कमीपणा कधी चिकटलाच नाही. पोळ्याला आम्ही शिंगं तासतो, हिंगूळ लावतो, बेगड चिकटवतो, टोकांना पितळी शेंब्या चढवतो, गोंडे बांधतो. ज्याच्या बैलाची शिंगं देखणी, त्याचा गावात मान. त्यामुळे ती परदेशी खूण इथे आली तरी अर्थ वेशीबाहेर ठेवूनच आली.

मग आमच्याकडे नवऱ्याला हसत नव्हते, तर बोट कुणाकडे जात होतं? उत्तर शेजारच्या डोंगरावर आहे. परवा तिथे पालखी आहे.

४ एप्रिल, शुक्रवार. चैत्र शुद्ध सप्तमी, कार्ला

काल देवघरला काळभैरवनाथाची पालखी झाली, आज एकवीरेची. तो भाऊ, ही बहीण. मुंबई, ठाणे, रायगडाकडचे कोळी-आगरी लोक पालख्या घेऊन चालत आलेले, वाकसई फाट्यापासून बँडचा आवाज, गुलाल, "आई माउलीचा उदो". लेण्याचं मोठं चैत्यगृह आणि देवीचं देऊळ हाताच्या अंतरावर. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर जोडपी कोरलेली आहेत. पुरुषाच्या डोक्याला भरगच्च मुंडासं, बाईच्या पायांत जड वाळे, कमरेला मेखला, एकमेकांच्या खांद्यावर हात. दोघंही समोर बघतात. कुणाची मान खाली नाही.

आणि शेजारी देवळात रेणुका. कोळ्यांची, चांद्रसेनीय कायस्थांची, कितीतरी घरांची कुलस्वामिनी एकवीरा म्हणजे रेणुकाच, असं सगळे मानतात. तिची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. जमदग्नी ऋषींची ही बायको नदीवर गेली. तिथे राजा चित्ररथ आपल्या राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. रेणुकेची नजर गेली आणि क्षणभर मन गेलं. घडलं ते एवढंच. ती आश्रमात परतली तेव्हा नवऱ्यानं तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि मुलांना आज्ञा केली, आईला मारा. रुमण्वान, सुषेण, वसू, विश्वावसू, चौघांचे हात उठले नाहीत. बापानं त्यांना शाप देऊन पशुपक्ष्यांसारखं जड करून टाकलं. पाचव्या परशुरामानं कुऱ्हाड उचलली.

लोककथेत खूण आणखी डोळ्यांना दिसणारी आहे. रेणुका रोज ओल्या वाळूचा घडा हातानं वळायची, सापाची चुंबळ करायची आणि त्यात पाणी भरून आणायची. घडा फुटत नसे, हेच तिच्या पातिव्रत्याचं प्रमाण. त्या दिवशी वाळू वळेना. वाळूनं चुगली केली.

पायऱ्यांवर सावलीला टेकलेल्या एका म्हाताऱ्या कोळणीला विचारलं, "मावशी, आईची गोष्ट सांगता का हो नातवंडांना?" म्हणाली, "सांगतंय ना. पानी भराला गेली, नदर गेली. नदर कोनाची जात नाय गो? कापली ती माय, आन कापनाऱ्याला आयचीच आठवन आली." मग उठली, लुगड्याचा काष्टा सारखा केला आणि वर निघाली.

म्हातारी म्हणाली ते महाभारताच्या शब्दाला धरून आहे. बाप प्रसन्न झाला तेव्हा परशुरामानं मागितलं त्यात हे होतं: आई उठून बसू दे, तिला मारलं गेल्याची आठवण न राहू दे, भाऊ पूर्वीसारखे होऊ दे. आपण चूक केली असं तो थेट म्हणत नाही, त्या पापाचा स्पर्श आपल्याला होऊ नये एवढं मागतो. पण आईला आठवू नये, एवढी जाण त्याला आहे.

५ एप्रिल, शनिवार

काल रात्री रामचंद्र चिंतामण ढेरे यांचं 'लज्जागौरी' पुन्हा काढलं. ढेरे आमच्या अंदर मावळातले. निगडे गावी १९३० साली जन्मले, २०१६ साली गेले. महाराष्ट्रातल्या देवतांचा माग त्यांच्याइतका खोल कुणी काढला नाही. शिर नसलेल्या, उघड्या योनीच्या मातृदेवतेच्या मूर्ती आणि शिरच्छेद झालेली रेणुका यांचं नातं या पुस्तकात लागतं. ती आधीची भूमाता, वारुळाच्या रूपात पुजलेली, सगळ्यांना जन्म देणारी. माहूरला तर आजही रेणुकेचा नुसता मुखवटा पुजतात.

त्यामुळे कथा दोन दिशांनी वाचता येते. पुराण म्हणतं, मन ढळलेल्या बाईची मान उडवली. लोक म्हणतात, ती आई आहे, तिच्यापुढे मान झुकवा. कोळ्यांनी आणि आगऱ्यांनी शतकानुशतकं डोंगर चढून दुसरं वाचन निवडलं. आरोप झालेल्या बाईला कुलदैवत करणं हा त्या लोकांचा निवाडा आहे आणि मला तो कुठल्याही स्मृतीपेक्षा मोठा वाटतो.

१३ एप्रिल, रविवार

घरामागच्या जांभळीला मोहोर आलाय. खालची फांदी ओढून एक पान तोडलं. वरची बाजू तुकतुकीत, मधली शीर पिवळसर, दोन्ही बाजूंच्या बारीक शिरा कडेला जाऊन एकमेकींना मिळालेल्या. चुरडलं की उग्र गोडसर वास बोटांना राहतो.

हे पान तोडायचं कारण गाथासप्तशती. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला, महाराष्ट्री प्राकृतातला हा सुमारे सातशे गाथांचा संग्रह. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तो मराठीत आणला, तेही सह्याद्रीवर जीव असलेले. कार्ल्याला वासिष्ठीपुत्र पुळुमावीचा लेख आहे, म्हणजे आमची लेणी आणि ह्या गाथा एकाच राजघराण्याच्या छायेतल्या. त्यांत चोरट्या प्रेमाच्या खुणा जागोजाग आहेत. एका गाथेत शेतकऱ्याचा मुलगा कानावर जांभळीची कोवळी पानं खोचून येतो. ती बघून एका सावळ्या बाईचं तोंड आणखी काळवंडतं. भेटायचं ठरलं होतं जांभळीखाली. तो जाऊन आला, हिला घरातून निघता आलं नाही. गावातल्या कुणाला काही कळलं नाही, कारण पानाचा अर्थ दोघांपुरताच होता. दुसरीकडे भात पिकून पांढरं पडतंय म्हणून एक जण खाली मान घालून बसते, कापणी झाली की आडोसा जाणार. मैत्रीण तिला तागाच्या शेताकडे बघायला सांगते.

ह्या बायकांना संस्कृत टीकाकारांनी 'असती' म्हटलं, वर्गवारी केली. पण गाथा स्वतः त्यांच्यावर डाग लावत नाही. तिथे धाक आहे, सासू आहे, परगावी गेलेला नवरा आहे, कुत्रं भुंकायची भीती आहे, आणि बाईचं मन आहे. खूण ती दोघं करतात, एकमेकांसाठी. गावानं कुणाच्या अंगावर लादलेली खूण तिथे नाही. एवढा फरक पडला की सगळी गोष्ट माणसांची होते.

२० एप्रिल, रविवार

आता लादलेल्या खुणांकडे. त्या सगळ्या बाईच्या तोंडावरून सुरू होतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यभिचारी बाईला शिक्षा सांगितली आहे नाक-कान कापण्याची. नारदस्मृतीत तिचं मुंडन, जमिनीवर झोप, वाईट अन्न, वाईट वस्त्र, केर काढण्याचं काम. याज्ञवल्क्यही तिचे अधिकार काढून घेतो, मळक्या कपड्यांत ठेवतो, पोटापुरतं देतो. पण पुढेच म्हणतो, ऋतुस्नानानं तिची शुद्धी होते, गर्भ राहिला तर मात्र नाही. हाच याज्ञवल्क्य, मिताक्षरा या टीकेसह, पुढे मुंबई हायकोर्टानं आमच्या भागाचा हिंदू कायदा म्हणून वापरला. त्यातली शिक्षा लोकांच्या लक्षात राहिली, शुद्धी राहिली नाही.

आणि नाक. पंचवटीत शूर्पणखेनं दुसऱ्याच्या नवऱ्याची इच्छा धरली आणि ती सीतेवर धावून गेली, तेव्हा लक्ष्मणानं तिचं नाक कापलं. नाशिकचं नाव लोक तिथूनच सांगतात. संशय आला की बायकोचं नाक कापायचं, हे नुसतं बोलण्यात नव्हतं. इंदूरच्या रेसिडेन्सीतले सर्जन कीगन यांनी १९०० साली नाकाच्या शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिलं, त्यात नवऱ्यांनी नाकं कापलेल्या बायका आहेत. जुनागढच्या त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ साली अशा शंभर शस्त्रक्रियांची हकीकत छापली.

ह्या विद्येचं एक पान पुण्याचं आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळच्या एका कुंभारानं त्याच्या नाकाच्या जागी मेणाचं नाक बसवून पाहिलं, ते मेण सपाट करून कपाळावर ठेवलं, त्या मापानं कपाळाची कातडी सोडवली आणि भुवयांमधल्या देठावर वळवून खाली बसवली. मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी हे डोळ्यांनी बघितलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट छापून आलं. १८१४ साली कार्प्यू या सर्जननं लंडनला तसंच करून दाखवलं. आजची प्लास्टिक सर्जरी तिथून सुरू होते असं सांगतात. हात सफाईनं वळावा इतकी कापलेली नाकं त्या कुंभारांच्या पिढ्यांपुढे आली होती, हे त्या कौतुकात कुणी मोजत नाही.

२७ एप्रिल, रविवार. भाजे

भाज्याच्या दक्षिणेकडच्या विहाराच्या ओसरीत दोन मोठी शिल्पं आहेत. डावीकडे रथातला सूर्य. उजवीकडे हत्तीवर बसलेला, इंद्र म्हणून ओळखला जाणारा पुरुष. हत्तीनं सोंडेत झाड उपटून धरलेलं. विद्वानांत ओळखीवरून वाद आहे, गावातली पोरं मात्र बिनधास्त "इंद्र, इंद्र" म्हणून दाखवतात.

इंद्राच्या निमित्तानं पुरुषाच्या अंगावरची खूण आठवली. गौतमाचं रूप घेऊन तो अहल्येकडे गेला. शापानं अहल्या शिळा झाली आणि इंद्राच्या सर्वांगावर हजार योनी उमटल्या. पुढे देवांनी रदबदली केली आणि त्या योनींचे डोळे झाले. तो सहस्राक्ष म्हणून मिरवतो. वाल्मीकी रामायणात त्याचे वृषण गळून पडतात, तर तिथेही देव मेंढ्याचे आणून बसवतात. पुरुषाला खूण मिळाली, पण तिचा दागिना व्हायला वेळ लागला नाही. अहल्येला मात्र रामाचे पाय येईपर्यंत वाट बघावी लागली.

मनुस्मृतीत माणसाच्या कपाळावर डाग द्यायच्या चार खुणा आहेत. दारू पिणाऱ्याला गुत्त्याचा झेंडा, चोराला कुत्र्याचा पंजा, ब्राह्मणहत्या करणाऱ्याला बिनडोक्याचा पुरुष आणि गुरुपत्नीकडे जाणाऱ्याला योनीचं चिन्ह. परस्त्रीकडे जाणाऱ्या पुरुषाच्या कपाळी काही आलं असेल तर इथेच, आणि तेही ती गुरूची बायको होती म्हणून. इतरांच्या बायकांसाठी दंड आणि देहदंड आहेत, वर्ण बघून कमी-जास्त, पण कपाळावरची ती खूण नाही. अपमान मोजला गेला तो गुरूचा.

४ मे, रविवार. लोहगडवाडी

गायमुख खिंडीत बसून लिहितेय. एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला विसापूर. खाली पवना धरणाचं पाणी आटत चाललेलं.

पेशवाईच्या कागदांत बदकर्म आणि शिंदळकी या नावांखाली सरकारी वसुली आहे. पाटील, कमाविसदार चौकशी करायचे. पुरुषावर बहुतेक वेळा दंड बसायचा, तो भरला की तो घरी. बाईकडे भरायला पैसा नसायचा, नातेवाईक पुढे यायचे नाहीत. मग तिला बटीक, म्हणजे दासी, करत. सरकारी कोठीत, पागेत, किल्ल्यावरच्या अंबारखान्यात दळण-कांडण आणि शेणगोठा करायला धाडत, कुणा कारभाऱ्याला बक्षीस देत, कधी विकत. वरच्या जातींत प्रायश्चित्त, वाळीत टाकणं आणि केशवपन. इतिहासकार व्ही. एस. कदम आणि उमा चक्रवर्ती यांनी हे कागद लावून दाखवले आहेत.

बटीक हीच खूण झाली. तिला शिंगं नकोत, डाग नको. गडावर कुणी बाई डोक्यावर पाटी घेऊन जाताना दिसली की बघणाऱ्याला कळायचं. अशा बायकांच्या घामाची किती कोठारं ह्या सह्याद्रीच्या माथ्यांवर असतील! किल्ल्यांचा इतिहास आपण तलवारींनी मोजतो. जात्यांनी मोजला तर त्यांची नावं नसली तरी जागा सापडेल.

१८ मे, रविवार

बोरघाट उतरून कोकणात गेलं की शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात गधेगळ भेटतात. शिलाहारांच्या आणि यादवांच्या काळातले हे दानाचे दगड. वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख, खाली गाढव आणि बाई यांचं शिल्प. अर्थ असा, की हे दान जो मोडील त्याच्या आईला गाढव लागेल. लेख वाचता न येणाऱ्यालाही चित्र कळायचं.

जमीन लाटणार पुरुष, शिव्या खाणार त्याची आई, आणि शेकडो वर्षं उन्हापावसात कोरलेली राहणार तीच. घराण्याची अब्रू बाईच्या देहात ठेवली की तिला हात लावणं हा शेजाऱ्यावरचा सगळ्यात स्वस्त वार होतो. तोंडाला काळं फासून गाढवावरून धिंड काढणं त्याच विचारातलं. गाढवावर उलटं बसवायची रीत युरोपातल्या गावांतही होती, तिथे ती मार खाणाऱ्या किंवा फसलेल्या नवऱ्यालाही भोगावी लागे. चीनमध्ये हिरवी टोपी नवऱ्याच्या डोक्यावर येते, म्हणून तिथले पुरुष आजही हिरवी टोपी घालायला कचरतात. मुलूख बदलला की लाज नवऱ्याच्या डोक्यावरून बाईच्या देहावर सरकते, पण तिसऱ्या माणसाच्या अंगावर क्वचितच टिकते. इतके दिवस जे चाचपत होते ते आता स्पष्ट झालं: ह्या खुणा गुन्हा सांगत नाहीत, मालकी सांगतात. बाई कुणाची होती आणि कुणाची लाज गेली, एवढंच त्यांत लिहिलेलं असतं.

१० जून, मंगळवार. वटपौर्णिमा

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. गवळीवाड्यातल्या वडाभोवती चिखल, तरी बायका नटूनथटून आल्या होत्या. शेजारच्या वहिनींनी सूत गुंडाळताना विचारलं, "ताई, तुम्ही हे सगळं वाचता, मग हे करावं का नाही?" मी म्हटलं, "मनापासून करत असाल तर करा. फक्त ज्याच्यासाठी करता त्याच्याकडूनही तेवढीच निष्ठा मागा." त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मागितली तर भांडण होतं."

हीच मागणी १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' मधून केली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला स्वतःच्या बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांना बोल लावले, तेव्हा ताराबाईंनी विचारलं की जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पाठीशी उभे राहिले जोतीराव फुले. त्यांनी १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं. फसलेल्या विधवांनी यावं, बाळंत व्हावं, कुणी नाव विचारणार नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा. खूण मिटवायचं काम ह्या दोघांनी आपल्या घरात केलं.

कायद्याला त्यानंतर दीडशे वर्षं लागली. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ वरवर बघता बाईला सोडून पुरुषाला धरत होतं: परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद. पण तक्रार करायची फक्त नवऱ्यानं, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. ज्याची बायको फिरली त्याला दाद, जिचा नवरा फिरला तिला काही नाही. गधेगळाचाच विचार इंग्रजी कायद्याच्या भाषेत. १९५४ साली मुंबईच्याच युसुफ अब्दुल अझीझ खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते राखलं. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी पुन्हा राखलं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाईन खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते एकमतानं रद्द केलं. त्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. चंद्रचूडांचं मूळ गाव कनेरसर, आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातलं. बापाचा निकाल मुलानं बदलला. परशुरामाच्या कथेत मुलानं बापाची आज्ञा पाळली होती.

व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आजही आहे आणि हिंदू विवाह कायद्यात ते नवरा-बायको दोघांना सारखंच मागता येतं. मला हे योग्य वाटतं. विश्वास तुटला की दुःख होतं, ते खरं दुःख असतं, दोघांनी ते बोलावं, जमलं तर सावरावं, नाही तर कोर्टात जाऊन वेगळं व्हावं. त्यात जातपंचायतीला जागा नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ साली कायदा केला तो ह्याचसाठी, आणि मावळातल्या प्रत्येक सरपंचाला तो पाठ असला पाहिजे.

वहिनींना संध्याकाळी पुन्हा गाठलं आणि एवढंच सांगितलं: भांडण झालं तरी मागा. निष्ठा एकीनंच पाळायची असेल तर तिला वचन म्हणू नये, पहारा म्हणावं. आणि ज्या गावाला कुणाकडे बोट दाखवायचंच असेल, त्यानं आधी बघावं की ते बोट दर वेळी बाईकडेच का वळतं.